बहिऱ्या नदीकाठची सिदोनी

ज्या काळी नद्यांनासुद्धा सरहद्दीच्या कामाला जुंपलं होतं, त्या काळातली ही हकिगत. जरा जवळ सरकून बसा, कारण ही मोठ्या आवाजात सांगायची गोष्ट नाही.

फ्रान्स देशात ब्रुमरे नावाचं एक गाव होतं आणि गावाला लागून एक नदी होती. नदीचं नाव सूर्द. तिकडच्या भाषेत सूर्द म्हणजे बहिरी. नाव उगाच पडलेलं नव्हतं. ती नदी वाहायची, पण तिला आवाज नव्हता. काठावर बसून डोळे मिटले तर समोर पाणी आहे हे कळायचंसुद्धा नाही. आणि ऑक्टोबर सरता सरता तिच्यावर जे धुकं उतरायचं, ते ईस्टरचा सण येईपर्यंत हलायचं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला नदी वळण घेते. त्या वळणावर कपडे धुण्याचा दगडी घाट होता. दिवसा तिथे जायला कुणाची हरकत नसे, पण धुक्यात बायका तिकडे फिरकत नसत. धुक्यात तिथे दुसऱ्याच धुणंवाल्या येऊन बसतात, असं म्हणतात. त्या जिवंत नसतात. ज्याचं मरण जवळ आलं आहे, त्याचं कफन त्या आधीच धुऊन ठेवतात. आणि वाट चुकून कुणी तिकडे गेलंच, तर हाक मारतात, ‘जरा चादर पिळायला हात लावता का?’ हात लावला की माणूस संपला.

सिदोनी गार्दे मात्र धुक्यातही जायची. तिला जावंच लागे. नवरा आधीच्या महायुद्धात गेला होता, त्याचं प्रेतही परत आलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. लोकांचे कपडे धुऊन ती पोट भरायची. बाई सव्वापाच फुटांची, हात लाल, बोलणं कमी. हातात लाकडाची थापी, कपडे बडवायची. धप्, धप्, धप्. त्या मुक्या नदीवर तेवढाच एक आवाज असे.

मग युद्ध पुन्हा आलं. जर्मन फौज आली आणि देशाचे दोन तुकडे झाले. मधली रेघ म्हणून या भागात सूर्द नदीच नेमली गेली. अलीकडे ब्रुमरे, जर्मनांच्या ताब्यात. पलीकडे फौज नव्हती. परवान्याशिवाय पाण्यात पाऊल टाकलं तर गोळी, असा कागद नगरप्रमुख त्रिबू यांनी स्वतःच्या सहीने चर्चच्या दारावर लावला.

त्या पहिल्याच हिवाळ्यात, एका सकाळी, सिदोनीच्या पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. धुकं इतकं होतं की स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नव्हता.

“मादाम,” मागून बाईचा आवाज आला. “आम्हाला पलीकडे जायचंय.”

सिदोनीने ऐकलं नाही असं दाखवलं. तिने एक अंगरखा बडवला, दुसरा बडवला, तिसरा बडवला. बाई गेली नाही. बाईच्या कडेवर काहीतरी होतं आणि ते बारीक आवाजात खोकत होतं.

मग मान न वळवता सिदोनी म्हणाली, “जोडे काढा.”

“काय?”

“जोडे काढून हातात घ्या. पाण्याखाली जुन्या पाणचक्कीचा दगडी बांध आहे, गुडघाभर पाण्यात. तो सरळ नाही. दोनदा वळतो. मी थापी मारत राहीन. एकेक ठोका पडतोय तोवर सरळ चाला. लागोपाठ दोन पडले की डावीकडे वळा, तीन पडले की उजवीकडे. आणि थापी थांबली तर तुम्ही थांबा. पाण्यात उभ्या राहा, श्वाससुद्धा मोठा घेऊ नका.”

“तुमचं नाव काय, मादाम?”

“नाव नको. आणि मी तुमचं तोंड पाहणार नाही. उद्या कुणी विचारलं, तर न पाहिलेलं मला सांगता येणार नाही.”

बांधाची लांबी तिला पावलागणिक पाठ होती. ती मनात पावलं मोजत गेली आणि थापी मारत गेली. पुष्कळ वेळाने पलीकडच्या काठावर एक मूल खोकलं. सिदोनीने धुणं गोळा केलं आणि घरी जाऊन दाराला कडी घातली. दुसऱ्या आठवड्यात तिघं आले. मग सहा आले. दोन हिवाळ्यांत तिने किती माणसं पार केली ते कुणालाच माहीत नाही, कारण तिने एकाचंही तोंड पाहिलं नाही.

जर्मनांची गस्त काठाने फिरायची. एका सकाळी त्यांचा एक पिकल्या मिशांचा सार्जंट वळणावर आला. त्याला मोडकीतोडकी फ्रेंच येत होती आणि गुत्त्यात बसून त्याने गावच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्याच वेळी पाण्यात चार माणसं उभी होती, अर्ध्या वाटेवर. सिदोनीने थापी थांबवली.

“बाई,” सार्जंट म्हणाला, “इतक्या धुक्यात कुणाचे कपडे धुतेस?”

सिदोनीच्या हातात फौजेच्या दवाखान्यातून धुवायला आलेली एक मोठी पांढरी चादर होती. तिने चादरीकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, “अजून कळलं नाही, साहेब. धुता धुता तोंड उमटतं.” मग चादरीचं एक टोक तिने त्याच्यापुढे धरलं. “जड आहे. पिळायला जरा हात लावता का?”

सार्जंटचा चेहरा पांढरा पडला. तो दोन पावलं मागे सरला, मग वळला आणि जवळजवळ धावतच निघून गेला. त्या दिवसापासून पायी फिरणारी गस्त वळणाकडे यायची बंद झाली.

सिदोनी घरी येऊन हसली. पण तीन आठवड्यांनी तो सार्जंट छातीच्या तापाने मेला आणि त्याला गुंडाळायला फौजेच्या दवाखान्यातून जी चादर नेली, ती तीच होती. धुतलेल्या चादरीच्या कोपऱ्यावर तिने स्वतः लाल दोऱ्याने खूण घातली होती, म्हणून तिला ओळखू आली. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. आपण सोंग घेतलं होतं की सोंगाने आपल्याला घेतलंय, हे तिला कळेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरी थापी ऐकू आली.

पाच माणसं बांधावर होती. सिदोनी एकेक ठोका देत होती. आणि खालच्या अंगाने, जिथे नुसती लव्हाळी होती आणि कधी कुणी कपडे धूत नसे, तिथून आवाज आला. धप्, धप्, धप्, धप्, धप्. पाच ठोके. प्रतिध्वनी म्हणावा तर तिने स्वतः पाच मारले नव्हते.

भीतीने तिची थापी हातातच राहिली. थापी थांबली म्हणून पाण्यातली माणसंही थांबली. आणि तेवढ्यात काठ आणि माणसं यांच्या मधून जर्मनांची एक होडी निघून गेली, वल्ह्यांना चिंध्या गुंडाळलेली, जराही आवाज न करता. होडीतल्या माणसाच्या सिगारेटचा वास सिदोनीच्या नाकात गेला, इतक्या जवळून. थापी चालू असती, तर सगळे मेले असते.

ज्याला धुक्यात दुसरी थापी ऐकू येते तो स्वतःचंच कफन धूत असतो, असं म्हणतात. सिदोनीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी घाटावर गेली. त्या हिवाळ्यात पाच ठोके अकरा वेळा आले. अकराही वेळा ती थांबली, आणि अकराही वेळा होडी येऊन गेली. पुढे पुढे ती लव्हाळ्यांच्या दिशेने तोंड करून, न दिसणाऱ्याला मान लववून घरी जाऊ लागली.

आता शेवटच्या सकाळची गोष्ट. १९४२ साल, नोव्हेंबरची सुरुवात. त्या दिवशी नऊ माणसं आली होती. त्यांत एक म्हातारा घड्याळजी होता, त्याला धाप लागत होती, आणि दोन लहान मुली होत्या. सिदोनीने थापी उचलली. पण ती मारायच्या आधीच दुसरी थापी वाजली.

पाच ठोके नव्हते. एकेक ठोका पडत होता, सावकाश, न थांबता. चला, चला, असं म्हणावं तसा. आणि आवाज लव्हाळ्यांतून येत नव्हता. तो वरच्या अंगाच्या खोल डोहाकडून येत होता, भर पाण्यातून.

सिदोनी किती वेळ तशीच उभी होती कुणास ठाऊक. मग तिने स्वतःचे जोडे काढले.

“एकमेकांचे हात धरा,” ती म्हणाली. “आज बांधावरून जायचं नाही. आज मी पुढे चालते.”

“मादाम, तिकडे तर डोह आहे,” घड्याळजी म्हणाला. “मी याच भागातला आहे.”

“मलाही माहीत आहे.”

त्या आवाजामागे ती पाण्यात उतरली. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. दहा पावलं गेली, पन्नास पावलं गेली, पाणी घोट्याच्या वर आलंच नाही. पायाखाली दगड नव्हता, वाळूही नव्हती. काय होतं ते नऊंपैकी एकालाही पुढे सांगता आलं नाही. धाकटी मुलगी एवढंच म्हणाली, की कुणाच्या तरी तळहातांवरून चालल्यासारखं वाटत होतं. युद्ध संपल्यावर गावच्या माणसांनी दोर सोडून तिथलं पाणी मोजलं. तीन पुरुष खोल पाणी निघालं.

पलीकडे पोचल्यावर त्यांना बांधाच्या दिशेने जर्मन शिट्ट्या ऐकू आल्या. बांधाच्या दोन्ही अंगांना होड्या लावून फौज दबा धरून बसली होती. कुणीतरी बांधाची बातमी दिली होती.

घड्याळजीने सिदोनीचा हात धरला. “आता तुम्हीही इकडेच राहा. परत गेलात तर मराल.”

“धुणं दगडावर पडलंय,” सिदोनी म्हणाली. “नुसतं धुणं सापडलं आणि धुणंवाली नसली, तर ते गाव जाळतील.”

ती परत निघाली. आता थापी वाजत नव्हती. धुकं होतं, बहिरी नदी होती आणि ती होती. तिला पोहता येत नव्हतं. ती परत कशी आली हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. अर्ध्या तासाने शिपाई घाटावर पोचले, तेव्हा ती गुडघे टेकून एक टेबलक्लॉथ धूत होती. तिचे कपडे कोरडे होते. केसांतून मात्र पाणी निथळत होतं, आणि काल संध्याकाळपर्यंत काळे असलेले ते केस कापसासारखे पांढरे झाले होते. शिपायांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि एक शब्द न विचारता ते माघारी गेले, असं म्हणतात.

दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, जर्मन फौज निघून गेली. घंटा वाजल्या, झेंडे आले, आणि दुसऱ्याच दिवशी गावाला कुणाला तरी शिक्षा करायची घाई झाली.

उर्सुल नावाची एक तरुण मुलगी जर्मन अधिकाऱ्यांच्या जेवणघरात कामाला होती. लोक तिला ओढत चौकात घेऊन आले. न्हाव्याने कात्री काढली. त्या दिवसांत अशा मुलींचे केस कापून त्यांची धिंड काढत. सगळ्यात मोठ्याने ओरडत होते नगरप्रमुख त्रिबू, ज्यांची सही चर्चच्या दारावरच्या त्या कागदावर होती. आता त्यांच्या छातीवर फ्रान्सच्या झेंड्याचा तिरंगी पट्टा होता.

अर्धं डोकं कापून झालं होतं, तेव्हा सिदोनी गर्दीतून पुढे आली. पांढऱ्या केसांच्या त्या बाईला लोक आता जरा घाबरूनच असत. त्यांनी वाट दिली.

“हिचं म्हणणं कुणी ऐकलं का?” सिदोनीने विचारलं.

“काय ऐकायचंय?” त्रिबू म्हणाले. “सगळ्या गावाने पाहिलंय.”

“पाहिलंय. ऐकलंय का?” आणि ती उर्सुलकडे वळली. “बोल, पोरी.”

उर्सुल खाली मान घालून पुटपुटली, “होडी कधी सुटणार ते जेवताना बोलायचे ते. त्यांना वाटायचं, मला त्यांची भाषा कळत नाही. मी मागच्या दाराने लव्हाळ्यांत जायची. कणीक मळायची फळी आणि लाटणं घेऊन. पाच ठोके द्यायची.”

न्हाव्याने कात्री खाली घेतली.

“खोटं आहे,” कुणीतरी म्हणालं. “दिवस सांग.”

उर्सुलने दिवस सांगितले. एक सांगितला, दुसरा सांगितला. तिसरा सांगितला तेव्हा पावाच्या भट्टीवाल्याची बायको गर्दीतून बाहेर आली. तिचा मुलगा त्याच दिवशी पार झाला होता, आणि हे तिच्याखेरीज फक्त देवाला ठाऊक होतं. तिने आपल्या डोक्याचा रुमाल सोडला आणि उर्सुलच्या अर्ध्या कापलेल्या डोक्यावर बांधला. न्हाव्याने कात्री खिशात घातली.

घरी नेताना सिदोनीने तिला हळूच विचारलं, “आणि तो शेवटचा दिवस? डोहाकडून वाजवलंस तो?”

उर्सुलने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. “कुठला डोह, सिदोनीबाई? त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळपासून मी त्यांच्या कोठाराच्या तळघरात होते. कॉफी सांडली म्हणून कोंडलं होतं मला.”

सिदोनीने उर्सुलचा हात जरा घट्ट धरला.

पुढल्या वसंतात गावसभेच्या निवडणुका आल्या. त्या देशात बायकांना पहिल्यांदाच मत मिळालं होतं. भट्टीवाल्याची बायको आणि आणखी चौदा जणी सिदोनीच्या दारात जाऊन बसल्या आणि ती निवडणुकीला उभं राहायला हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत.

त्रिबू प्रचाराच्या सभेत म्हणाले, “धुणंवाली बाई गावाचा कारभार करणार?”

“मोस्यू त्रिबू,” सिदोनी म्हणाली, “या गावातली एकूण एक चादर माझ्या हाताखालून गेली आहे. कुणाच्या घरात काय चालतं ते मला सगळ्यांत आधी कळतं. आजवर मी एक शब्द कुणाला बोलले नाही. यापेक्षा जास्त कारभार तुम्हाला येतो का?”

ती निवडून आली आणि सदस्यांनी तिलाच नगरप्रमुख केलं. त्रिबूही निवडून आले आणि तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसू लागले.

त्याच वर्षी जून महिन्यात सभेपुढे एक ठराव आला. बांधाची बातमी जर्मनांना कुणी दिली याचा गावाला छडा लावायचा होता, आणि लोकांनी पाणचक्कीवाल्याचं नाव घेतलं होतं. बांध त्याच्या बापजाद्यांचा, तर बातमीही त्याचीच. ठराव असा होता, की त्याला फितूर म्हणून न्यायालयाच्या हवाली करावं. त्या दिवसांत तशा माणसाला भिंतीपाशी उभं करून गोळी घालत. चक्कीवाला कोपऱ्यात उभा होता. दहांपैकी नऊ हात वर जायला तयार होते.

“मत घेण्याआधी,” सिदोनी म्हणाली, “अजून कुणाचं ऐकायचं राहिलंय का?”

कुणी बोललं नाही.

“मग थोडं थांबू.”

ते थांबले. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. उघड्या खिडकीतून नदी दिसत होती, आणि जूनच्या भर दुपारी त्या नदीवर धुकं उतरायला लागलं. उन्हाळ्यात असं कधी झालं नव्हतं. धुकं काठावर आलं, चौकात आलं, खिडकीतून आत येऊन टेबलावर पसरलं. तरी सिदोनी थांबूनच होती.

एकदम त्रिबूंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. “बंद करा तो आवाज!” ते किंचाळले. “कोण बडवतंय बाहेर? बंद करा!”

बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

त्रिबू उभे राहिले. “मी सांगितलं,” ते म्हणाले. “बांधाचं मी सांगितलं. त्यांनी माझ्या मुलाला नेतो म्हणून धमकावलं होतं. मी भ्यालो होतो.”

सिदोनीचा चेहरा दगडासारखा होता. तिच्या मनात काय आलं असेल? त्या नऊ माणसांचं वजन, त्या दोन मुली, आणि तिचे केस. ती बोलली तेव्हा तिचा आवाज खरखरीत होता.

“भीती मलाही वाटली होती, मोस्यू. पहिल्या दिवशी मी तीन कपडे धुवेपर्यंत बहिरी झाले होते.” मग ती सदस्यांकडे वळली. “आता ऐकून झालं. आता ठरवा.”

चक्कीवाला त्याच क्षणी सुटला. त्रिबूंना सभेतली खुर्ची सोडावी लागली, आणि पुढे न्यायालयाने त्यांना तीन वर्षं तुरुंगात ठेवलं. सुटून आल्यावर ते गावाबाहेरच्या घरात एकटे राहू लागले. त्यांच्याशी बोलणारी एकच बाई होती. दर रविवारी ती त्यांच्या दारात पाव ठेवून दार वाजवायची आणि ‘आज कसं आहे?’ एवढंच विचारायची. ती कोण, हे सांगायला नको.

सिदोनीने चौदा वर्षं कारभार केला. तिने शाळेला छप्पर घातलं आणि पलीकडे जायला पूल बांधवला. पुलाचा एक खांब डोहात येत होता, तो मात्र तिने हलवून दुसरीकडे घ्यायला लावला, आणि का, ते इंजिनिअरला सांगितलं नाही.

ती गेली ती नोव्हेंबरात, खुर्चीत बसल्या बसल्या. तिला पोचवायला सगळं गाव निघालं. धुकं इतकं होतं की शवपेटी उचलणाऱ्यांना पुढचा माणूस दिसत नव्हता. ब्रुमरेत त्या वेळी चारशे माणसं होती. पण पाठीमागून येणारी पावलं चारशेंची नव्हती, असं म्हणतात. ती संपेचनात. कुणी मागे वळून पाहिलं नाही. एवढंच ऐकू येत होतं, की मागची पावलं अनवाणी होती. पाद्रीबाबांची प्रार्थना संपली, धुकं जरा विरलं, तेव्हा चर्चच्या दारापासून थेट थडग्यापर्यंत फरशीवर ओल्या पायांचे ठसे होते. मोठ्या माणसांचे होते, म्हाताऱ्यांचे होते, लहान मुलांचेही होते. संध्याकाळपर्यंत ते वाळले नाहीत. उर्सुल ते पुसू देईना. ती त्यांच्याजवळ बसून राहिली.

आता तिच्या ओळखीचं कुणीच उरलेलं नाही. पण आजही ब्रुमरेच्या सभेत कुठलाही ठराव मताला टाकण्याआधी नगरप्रमुख उभा राहतो. ठराव दिव्याच्या खांबाचा असो नाहीतर कुणाच्या अब्रूचा असो. तो विचारतो, “सिदोनीच्या नावाने विचारतो, अजून कुणाचं ऐकायचं राहिलंय का?” मग नदीकडची खिडकी उघडतात आणि सगळे गप्प बसून राहतात. बहुतेक वेळा कुणीतरी उठतं. कधी एखादी म्हातारी, कधी आयुष्यात तोंड न उघडलेला एखादा शेजारी.

आणि कुणीच उठलं नाही, तर त्या दिवशी ते मत घेत नाहीत. खिडकी तशीच उघडी ठेवून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. कुणाचंच ऐकायचं राहिलेलं नाही, असं होणं शक्यच नाही, असं ब्रुमरेतले लोक मानतात.